वळणावरचे चार फूट

नाणेकाकांच्या टेबलावर घशाच्या गोळ्यांची एक पत्र्याची डबी असायची आणि तिच्यात गोळ्या सोडून सगळं असायचं. चलनातून गेलेली, भोकं पाडलेली नाणी, नळाच्या दुकानातून आणलेले लहानमोठे वॉशर, कोटाची दोन बटणं आणि पितळेची एक चकती, जिच्या मधोमध सुईएवढं भोक होतं. माझा ऑफिसातला पहिला दिवस. मी हातात सर्टिफिकेट घेऊन नाक वर करून आलेली, आणि हे गृहस्थ भल्यामोठ्या कागदावर वाकून नाणी सरकवत बसलेले. मला वाटलं, कामाच्या वेळेत खेळ चाललाय. मी तसं बोलूनही दाखवलं. माझी जीभ तेव्हाही अशीच होती.

ते रागावले नाहीत. शेजारचं स्टूल पायाने पुढे सरकवून म्हणाले, "बस. हे एका ओढ्याचे दोन काठ. यांच्या बरोब्बर मधून रेघ काढून दाखव."

दोन्ही काठ वेडेवाकडे, एकासारखा दुसरा नाही. मी पट्टी घेतली, या काठापासून त्या काठापर्यंत मापं घेतली, निम्मं करत टिंबं दिली आणि जोडून टाकली. पाच मिनिटांचं काम. काकांनी डबीतून एक वॉशर काढला, त्याचं भोक माझ्या रेघेवर आणून ठेवलं. एका बाजूने वॉशर काठाच्या बाहेर गेला होता, दुसऱ्या बाजूला बोटभर जागा उरली होती.

"पट्टी तू या काठाला काटकोनात धरलीस," ते म्हणाले, "त्या काठाने तुझं काय वाकडं केलं होतं?"

मग त्यांनी दाखवलं. दोन्ही काठांना एकाच वेळी टेकेल असं नाणं शोधायचं, ते बसलं की त्याच्या मध्यावर सुईने टोचायचं. पुढे सरकायचं. काठ लांब गेले की मोठं नाणं, जवळ आले की लहान. शेवटी टोचे जोडले की मधली रेघ. सरळ भागात टोचे लांब लांब चालतात. वळणावर जवळ जवळ घ्यावे लागतात, कारण चूक होते ती वळणावरच.

हे सगळं त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. अठराव्या वर्षी ते नकाशे गिरवायला लागले आणि तीसएक वर्षं तेच करत राहिले. आमचं ऑफिस म्हणजे सहा माणसं, दोन खोल्या आणि एक साहेब. साहेबांना माणसांत धरायचं की नाही यावर आमच्यात मतभेद होते. नगरपालिकेची कामं यायची: रस्ते, गटारं, नाले. सर्व्हेवाले बाहेर जाऊन मोजमाप आणायचे, आम्ही त्याचं ड्रॉइंग करायचो, साहेब त्यावर न बघता सही करायचे.

काकांनी लग्न केलं नव्हतं. त्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठी बहीण होती, तिला सगळी गल्ली आक्का म्हणायची. आई गेली तेव्हा काका पाच वर्षांचे होते. आक्काने त्यांना वाढवलं, शिकवलं, स्वतःचा नवरा दोन वर्षांत गेला तशी परत येऊन पुन्हा वाढवलं. दोन खोल्यांचं घर, गल्लीच्या वळणावर. पुढच्या खोलीत खिडकीपाशी तिचं शिवणयंत्र. गुडघे गेल्यापासून ती दिवसभर तिथेच बसायची. लोक खिडकीतूनच कापड द्यायचे, खिडकीतूनच माप सांगायचे, आणि ती खिडकीतूनच त्यांना झापायची. "मागच्या वेळी कंबर तीस होती, आता पस्तीस. कापड मी कुठून आणू, माझ्या पोटातून?" असं तिचं बोलणं. डोळे अधू झाले होते, पण त्या खिडकीतून दुपारपर्यंत ऊन यायचं आणि तेवढ्यावर तिचं भागायचं.

समोर, रस्त्याच्या पलीकडे, सलून. आठ फूट खोल, दोन खुर्च्या, एक लांबलचक आरसा. सलूनवाल्याच्या बापाने ते थाटलं होतं. काका दर एक दिवसाआड सकाळी तिथे दाढी करून ऑफिसात यायचे, सव्वीस वर्षं. इतकी गुळगुळीत दाढी की आम्ही म्हणायचो, काकांच्या गालावर ट्रेसिंग पेपर ठेवला तर घसरून पडेल. सलूनवाला आणि काका फारसे बोलायचे नाहीत. आक्काच तिकडून ओरडून सांगायची, कानशिलं नीट काढ रे त्याची, आणि सलूनवाला वस्तरा हलवून हो म्हणायचा.

ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा काका बावन्न वर्षांचे होते. साहेबांना वाटलं होतं, हे आता गाशा गुंडाळतील. पण काका शिकले. एका बोटाने, जीभ दातांत धरून, मला दिवसातून चाळीस वेळा हाक मारून माझ्या नाकी नऊ आणत शिकले. आणि स्क्रीनवरही त्यांनी तेच केलं. दोन्ही काठांना टेकणारं वर्तुळ काढायचं, त्याच्या मध्यावर टिंब द्यायचं, वर्तुळ पुसायचं. मग पुढचं. एका मैलाच्या रस्त्याला दोन दिवस लावायचे. मी तोवर चार कामं हातावेगळी करायचे आणि वर त्यांना टोमणे मारायचे.

मग मला कुठूनसा एक छोटा प्रोग्रॅम मिळाला. डावा काठ दाखवा, उजवा काठ दाखवा, बटण दाबा, मधली रेघ तयार. काकांना दाखवला. त्यांनी डबी उघडली, प्रिंटवर दोनचार ठिकाणी वॉशर ठेवून बघितले आणि म्हणाले, "सरळ रस्त्याला ठीक आहे."

"आणि वळणाला?"

"वळणाला बघून घे."

त्या वर्षी नगरपालिकेने त्यांची गल्ली रुंद करायचं ठरवलं. नियम सोपा होता. आहे त्या रस्त्याची मधली रेघ काढायची, तिच्यापासून दोन्हीकडे वीस वीस फूट मोजायचे, मध्ये जे येईल ते पाडायचं. एकूण चाळीस फुटांचा रस्ता. म्हणजे सगळा खेळ त्या एका रेघेवर. ती इकडे सरकली की इकडची माणसं वाचतात, तिकडची जातात. रेघेला काही वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर रेघ काढणाऱ्यालाही स्क्रीनवर फार काही वाटत नाही.

काका साहेबांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "हे ड्रॉइंग मी करणार नाही. माझं घर त्यात आहे."

"मग तर तुम्हीच करा," साहेब हसून म्हणाले.

काका हसले नाहीत. ड्रॉइंग माझ्याकडे आलं. महिनाअखेर जवळ आलेली, नगरपालिकेचे रोज दोन फोन. मी दोन्ही काठ दाखवले आणि बटण दाबलं.

झालं काय ते आता मला झोपेतही सांगता येईल. तो प्रोग्रॅम डाव्या काठाचा पहिला बिंदू उजव्या काठाच्या पहिल्याला जोडायचा, दुसरा दुसऱ्याला, तिसरा तिसऱ्याला, आणि प्रत्येक जोडीच्या मधोमध टिंब द्यायचा. डाव्या काठावर आक्काच्या घराअलीकडे एक दवाखाना होता, त्याला पायऱ्या. सर्व्हेवाला कामसू निघाला. त्याने प्रत्येक पायरीचा प्रत्येक कोपरा मोजून आणला, चौदा बिंदू. समोरच्या बाजूला साधी भिंत, बिंदू दोन. तिथून पुढे जोड्या चुकल्या. डावीकडचा वळणाआधीचा बिंदू उजवीकडच्या वळणानंतरच्या बिंदूशी जोडला गेला. अशी तिरकी जोडी सरळ रस्त्यात काही बिघडवत नाही, वळणावर मात्र मधलं टिंब वळणाच्या आतल्या बाजूला जाऊन पडतं. आतल्या बाजूला सलून होतं.

शेवटी डाव्या काठाचे बिंदू उरले, उजव्याचे संपले. मी उरलेला भाग हाताने काढून रेघ पुरी केली. जोड्या उरतात म्हणजे कुठेतरी बिनसलंय, एवढं मला कळायला हवं होतं. पण वळणावर ती रेघ इतकी गोलाईदार, इतकी देखणी आली होती की मी तिच्या प्रेमातच पडले. साहेबांनी सही केली. ड्रॉइंग गेलं. पंधरा दिवसांत उजव्या बाजूच्या भिंतींवर लाल रंगाच्या खुणा झाल्या आणि नोटिसा गेल्या. सलूनचे आठ फूट जाणार होते, म्हणजे सगळं सलूनच. डावीकडे आक्काच्या घराला धक्का नव्हता.

ऑफिसात मी काकांना म्हटलं, "पेढे आणा काका, वाचलं घर!"

काका म्हणाले, "आठ फूट? समोरचे आठ?" आणि त्यांनी कपाटातून ड्रॉइंगची प्रत काढली.

डबी उघडल्याचा आवाज आला. मी माझ्या कामात होते. बराच वेळ काही हालचाल नाही म्हणून मान वर करून पाहिलं तर काका पितळेची चकती वळणावर ठेवून तिच्याकडे नुसते बघत होते. एका बाजूने चकती सलूनच्या भिंतीवर चढली होती. दुसऱ्या बाजूला आक्काच्या घरापासून लांब होती.

"ही कशी काढलीस?"

मी सांगितलं. सांगता सांगताच मला कळलं.

"चार फूट आत गेलीय," ते म्हणाले. "दोन्हीकडून चार चार जायला हवेत. त्याचं निम्मं दुकान, आमची निम्मी खोली."

मी काय म्हणाले ते लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हणाले, "जाऊ द्या ना काका. कुणाला कळणार आहे? तुमचं घर वाचतंय." यात मला काकांच्या घराची काळजी किती आणि माझी स्वतःची किती, हे मला तेव्हाही माहीत होतं. माझी नोकरी वर्षावर्षाच्या कराराची होती आणि करार त्याच महिन्यात संपत होता.

काकांनी चकती डबीत टाकली, डबी खिशात घातली. दोन दिवस ती डबी टेबलावर आली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिस सुटताना म्हणाले, "टेप घे. घरी चल माझ्याबरोबर."

पुढची खोली नऊ फुटांची होती. मी टेपचं टोक भिंतीला धरलं, काकांनी दुसरं टोक चार फुटांवर आणून जमिनीला लावलं. ते यंत्राच्या मागे, आक्काच्या स्टुलाखाली येत होतं. आक्का दोरा ओवत होती. तिने वर पाहिलं नाही.

"काय मोजताय?"

काकांनी सांगितलं. सगळं, सरळ. रेघ चुकलीय हे सांगितलं, कुणी चुकवली ते सांगितलं नाही. मी भिंतीला टेपचं टोक धरून तशीच उभी.

"नाही बोललास तर?" आक्काने विचारलं.

"समोरचं सगळं जाईल. बोललो तर त्याचे चार फूट राहतील. एक खुर्ची बसेल."

"आणि माझं यंत्र?"

"मागच्या खोलीत."

"मागच्या खोलीत खिडकी नाही."

"दिवा लावू. मोठा."

आक्काने दोरा दाताने तोडला. "तू मला विचारायला आलायस का सांगायला?"

काकांनी टेपचं टोक जमिनीवरून उचललं.

"विचारायला आला असतास तर टेप आणली नसतीस," ती म्हणाली. "जा. सांग जाऊन. तुला तसंच वाढवलंय, आता मी कुणाला बोलू? पण सांगून आल्यावर माझ्यासमोर तोंड पाडून बसू नकोस. ते मला बघवणार नाही."

दुसऱ्या दिवशी काका साहेबांच्या खोलीत गेले. पाठोपाठ मीही गेले, कारण काकांनी मला चल म्हटलं होतं. साहेबांना आधी कळेचना. कळलं तेव्हा त्यांनी पेन टेबलावर आपटलं.

"तुमचंच घर वाचतंय आणि तुम्हालाच खाज?"

"रेघ चुकलीय साहेब."

"नोटिसा गेल्यात! आता नगरपालिका विचारणार, चूक कुणाची. कुणाचं नाव लिहू?" साहेब माझ्याकडे बघायला लागले.

माझ्या तोंडाला कुलूप लागलं. एरवी चुरूचुरू चालणारी ही जीभ, नेमकी तेव्हाच टाळूला चिकटली. चार शब्दांचं काम होतं: साहेब, रेघ मी काढली. मी काकांच्या बुटांकडे बघत राहिले. एका बुटाची नाडी दुसऱ्या रंगाची होती.

"माझं लिहा," काका म्हणाले. "मी तपासायला हवी होती."

साहेबांना तेवढंच हवं होतं. कागदावर नाव आलं. माझा करार वाढला.

दुरुस्तीचं ड्रॉइंग काकांनी माझ्याकडूनच करून घेतलं. शेजारी स्टुलावर बसले, दोन्ही हात पाठीमागे धरून, माउसला शिवलेसुद्धा नाहीत. वळणावर तेवीस वर्तुळं काढली मी. प्रत्येक वर्तुळ दोन्ही काठांना टेकलं की ते म्हणायचे, हं. बरोबर आक्काच्या खिडकीसमोरचं वर्तुळ टेकलं तेव्हाही म्हणाले, हं.

आता मला वाटतं, इथे गोष्ट संपली असती तर बरं होतं. एक माणूस खरं बोलला, दोघांचं थोडं थोडं नुकसान झालं, दोघंही जगले. पण नगरपालिकेत आमच्या साहेबांसारखेच पाच साहेब होते. उजव्या बाजूच्या नोटिसा मागे घ्यायच्या म्हणजे चूक झाली असं लेखी मान्य करायचं. ते कोण करणार? मग त्यांनी उजवीकडे जुन्या ड्रॉइंगच्या खुणा तशाच ठेवल्या आणि डावीकडे नव्या ड्रॉइंगप्रमाणे नव्या नोटिसा काढल्या. काकांनी तीन अर्ज केले, चार वेळा जाऊन बाकावर बसले. शेवटी तिथला एकजण वैतागून म्हणाला, "अहो, रस्ता अरुंद झाला तर लोक बोंबलतील. रुंद झाला तर कोण बोंबलणार?"

पाडायचं काम एका मंगळवारी सकाळी झालं. सलूनचे आठ फूट गेले. आक्काचे चार फूट गेले. वळणावर रस्ता चव्वेचाळीस फूट झाला, जिथे चाळीस पुरे होते. मी लांब कोपऱ्यावर उभी राहून पाहिलं. आक्का दवाखान्याच्या मोडक्या पायऱ्यांवर खुर्ची टाकून बसली होती, मांडीवर शिवणयंत्राचं लाकडी झाकण धरून. सलूनवाला आरसा काढत होता. इतका लांब आरसा एकट्याला उचलता येईना, तर काका पलीकडून धरायला गेले. सलूनवाल्याने काहीतरी म्हटलं आणि काका मागे सरकले. आरसा पडला आणि फुटला. मी तिथून निघाले आणि ऑफिसात येऊन चहा मागवला. काय करणार, दुसरं काही सुचलं नाही.

गल्लीत लोकांनी आपलं आपलं जुळवलं. नगरपालिकेत चौकशी केली की चुकीच्या कागदावर नाव काकांचं. घर कुणाचं वाचत होतं? काकांच्या बहिणीचं. मग आणखी काय पुरावा हवा? बहिणीचं घर वाचवायला याने रेघ वाकवली, पकडला गेला म्हणून सरळ करावी लागली, आणि या भानगडीत समोरचा मात्र कायमचा उठला. इतकी चोख गोष्ट जमल्यावर खरी गोष्ट ऐकायला कोण बसतंय? आणि खरी गोष्ट सांगू शकणारी एकटी मी होते.

यानंतर तीनेक आठवडे काका कुठल्या कुठल्या दुकानात दाढी करून यायचे, आणि मग एका सकाळी ते ऑफिसात आले आणि सगळ्यांच्या माना वर झाल्या. त्यांची अर्धी दाढी झालेली होती. उजवा गाल नेहमीसारखा गुळगुळीत, डाव्या गालावर दोन दिवसांची पांढरी खुंटं आणि कानापाशी वाळलेला साबण. हनुवटीच्या बरोब्बर मध्यावर हद्द. आम्ही आधी बघतच राहिलो, मग कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच. साहेबसुद्धा बाहेर येऊन हसले. त्या महिन्याभरात ऑफिसात कुणी हसलं नव्हतं, त्यामुळे ते हसू थांबेना.

मी सगळ्यांत मोठ्याने हसले. आणि म्हणाले, "काका, चकती ठेवून बघितली का? मधली रेघ अगदी बरोबर आलीय!"

काकाही हसले. खरंच हसले. म्हणाले, "पाणी गेलं मध्येच." ड्रॉवरमधून त्यांनी एक ब्लेड काढलं, जुन्या काळी ट्रेसिंगवरची शाई खरवडायला वापरायचे तसलं, आणि बाथरूममध्ये गेले. बाहेर आले तेव्हा डावा गाल तीन ठिकाणी कापलेला होता. त्यावर त्यांनी टिपकागदाचे तुकडे चिकटवले होते. मी त्यावरूनही काहीतरी बोलले, काय ते आता आठवत नाही.

त्या दिवसानंतर ते घरीच दाढी करायला लागले. वाईट करायचे. कुठे ना कुठे पट्टा राहायचा.

आक्का मागच्या खोलीत बसायची. मोठा दिवा लावला होता, पण तिला त्यात काळा दोरा काळ्या कापडावर दिसायचा नाही. शिवाय मागच्या खोलीपर्यंत कापड घेऊन कोण जाणार? खिडकी होती तोवर गिऱ्हाईक होतं. भांडायलाही माणसं राहिली नाहीत, आणि भांडणं बंद झाली तशी ती झपाट्याने खंगली. मी एकदा गेले होते. यंत्रावर झाकण होतं आणि झाकणावर औषधाच्या बाटल्या. मी तिला सांगायचं ठरवून गेले होते. तिने विचारलं, "नोकरी टिकली ना तुझी?" त्या प्रश्नातच मला कळलं की हिला सगळं माहीत आहे. मी मान हलवली. ती म्हणाली, "मग झालं तर." त्यात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. वर्षाच्या आत ती गेली.

काका वेळेवर निवृत्त झाले. निरोपाला साहेबांनी घड्याळ दिलं आणि नाव चुकीचं उच्चारलं. जाताना काकांनी ती डबी माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाले, "वळणाला बघून घे." दोन वर्षांनी तेही गेले. झोपेत गेले असं शेजाऱ्यांनी सांगितलं. मी पोचले तेव्हा घराला कुलूप होतं.

आता मी त्या ऑफिसातली सगळ्यांत जुनी आहे. करार जाऊन नोकरी पक्की झाली. नव्या पोरी माझ्या टेबलावरची डबी बघून हसतात, आणि मी त्यांना स्टूल सरकवून देते. गेल्या महिन्यात त्याच गल्लीच्या गटाराचं काम आलं. सर्व्हेवाला आजारी, म्हणून टेप घेऊन मीच गेले. बरोबर एक नवी मुलगी होती. वळणावर रस्ता एकदम ऐसपैस होतो. तिथे कधी कुणी चालत नाही. दोन बिघडलेल्या गाड्या उभ्या होत्या, एका हातगाडीचं चाक काढून ठेवलेलं होतं. त्याच्या मागे, गोदामाच्या भिंतीला ताडपत्री बांधून, सलूनवाल्याची एक खुर्ची. भिंतीवर खिळ्याला वहीएवढा आरसा. तो म्हातारा झाला होता. एका गिऱ्हाइकाची दाढी करत होता.

टेप बघून त्याने ओळखलं. मला नाही, ऑफिसला.

"तुमच्याकडेच होता ना तो नाणीवाला? समोर राहायचा."

मी म्हटलं, "हो."

"गेला म्हणे." त्याने वस्तरा पुसला. "सगळं झाल्यावर एकदा आला होता इथे, दाढीला. जसं काही घडलंच नाही. मी बसवला. म्हटलं, गिऱ्हाईक आहे. एक गाल झाला, मग मला राहवेना. वस्तरा गळ्यापाशी होता माझा. विचारलं, खरं सांगा, ती रेघ तुम्हीच काढली होती ना? मला वाटलं, नाही म्हणेल. नाही म्हणाला असता तर मी विश्वास ठेवला असता हो. सव्वीस वर्षांची ओळख. तर म्हणाला, हो, मीच काढली. मी फडकं ओढून घेतलं आणि म्हटलं, उठा. तसाच उठून गेला, अर्धा."

नवी मुलगी टेपचं टोक धरून पलीकडे उभी होती. "ताई, वाचू का?" असं ओरडत होती. माझ्या डोळ्यांपुढे तो टिपकागद आला, माझं ते हसणं आलं.

"रेघ त्यांनी नव्हती काढली," मी म्हटलं. "मी काढली होती. त्यांनी ती चूक दाखवली, स्वतःचं घर जात असून दाखवली. आणि नाव स्वतःचं सांगितलं, कारण मी गप्प बसले."

मला वाटलं, तो ओरडेल. ओरडायला हवं होतं. पण खुर्चीत गिऱ्हाईक होतं, त्याच्या एका गालावर साबण होता. सलूनवाला वाकला आणि त्याने तो गाल पुरा केला. हळूहळू, कानशिलापासून हनुवटीपर्यंत, दोनदा. मग पाणी मारलं, टॉवेलने टिपलं, फडकं झटकलं. गिऱ्हाईक उठून गेलं.

"मग तुम्ही इतकी वर्षं कुठे होता?" त्याने विचारलं.

तो रिकाम्या खुर्चीकडे बघत होता.

"तेवढी दाढी तरी पुरी करायला हवी होती मी त्याची," तो म्हणाला.

पलीकडून मुलीने पुन्हा हाक मारली. मी टेप ताणून धरली. चव्वेचाळीस फूट, तिने वाचलं, आणि मी वहीत लिहून घेतलं.